अरणगावचा माळ आणि परका किनारा

आमच्या नगर जिल्ह्याला, सरकारदप्तरी आता अहिल्यानगर जिल्ह्याला, समुद्र नाही; आणि नुसता नाही एवढ्यावर न थांबता निसर्गाने त्याची वाटही आमच्यापासून बुद्ध्याच फिरवून ठेवली आहे, असे नकाशा समोर घेतला म्हणजे वाटते. अकोले तालुक्यात रतनगडाच्या पायथ्याशी जन्मणारी प्रवरा, जिच्या उगमापासून कोकणचा कडा अगदी जवळ आणि कड्याखालून अरबी समुद्र काही दिवसांच्या पायी मजलेवर, ती त्या शेजारच्या समुद्राकडे सरळ पाठ करते, १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात क्षणभर विसावते, आणि अकोले, संगमनेर, नेवासे असा रखरखीत मुलूख भिजवीत टोक्यापाशी गोदावरीला मिळून दूरच्या बंगालच्या उपसागराचा रस्ता धरते. आम्ही सागर म्हणतो ते दोन: राहुरीकडचा मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर, आणि शेवगाव-नेवाशाच्या शिवारांपर्यंत पसरलेला पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर. दोन्ही गोड्या पाण्याचे, दोन्ही संतांच्या नावाचे, आणि तरीही पाऊस ओढ देताच ज्यांच्या पाण्यावरून वरचे आणि खालचे यांचा तंटा ठरलेला, असे.

अशा या कोरड्या जिल्ह्यात, सावेडीच्या उद्यानात संध्याकाळी चालून दमलेल्या निवृत्तांच्या बाकावर, गेली काही वर्षे खाऱ्या समुद्राचा विषय वारंवार निघू लागला आहे. पूर्वी या बाकावर काशी, रामेश्वर, फार तर अंदमान निघे. आता थायलंड निघते, पोर्तुगाल निघते, मॉरिशस निघते, आणि ते आठ दिवसांच्या सहलीसाठी नव्हे, तर उरलेले आयुष्य काढण्यासाठी. यातला तपशील मंडळींना तोंडपाठ आहे. थायलंडात पन्नाशी उलटलेल्या परक्या माणसाने आठ लाख बाट बँकेत दाखवले की निवृत्त म्हणून राहण्याची वर्षावर्षाची मुभा मिळते. पोर्तुगालात नोकरी न करता नियमित उत्पन्न येते एवढे शाबीत केले की दार उघडते. मॉरिशसही पन्नाशीपुढच्या निवृत्त परकीयास निवासाचा परवाना देते. आणि आपली रिझर्व्ह बँक दर आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर धाडू देते. मी स्वतः कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालो असल्यामुळे नियमांचे असे बिनचूक पाठांतर ऐकले की मला प्रथम कौतुक वाटते आणि पाठोपाठ शंका येते. कारण ज्या अर्जाचे नियम अर्जदाराला इतके पाठ असतात, त्या अर्जात ‘कारण’ हा रकाना बहुधा कोराच असतो, हा माझा जन्मभराचा अनुभव आहे.

हा विषय सर्वांचा नाही, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. साखर कारखान्यांत आणि एसटीत हाडे झिजवून निवृत्त झालेल्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून, म्हणजे ज्याला लोक ‘ईपीएस पंच्याण्णव’ म्हणतात त्यातून, जे मिळते त्याची किमान मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून दरमहा एक हजार रुपये आहे; त्या हजार रुपयांत पर्थ किंवा लिस्बन तर सोडाच, अलिबागचा एक मुक्कामही बसत नाही. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्या बहुतेकांना तर जुने निश्चित निवृत्तिवेतन लाभलेच नाही. तेव्हा परक्या किनाऱ्याची ही आकांक्षा जुन्या पेन्शनीच्या अखेरच्या पिढीची, बँकवाल्यांची, डॉक्टरांची आणि ज्यांची मुले डॉलरांत कमावतात त्यांची आहे. ती थोड्यांची आहे म्हणून क्षुद्र ठरत नाही. पण सावेडीच्या बाकावर बसून तिला ‘आजकालची सर्वसाधारण गोष्ट’ म्हणणे, हे शेजारच्या बाकावर बसलेल्या कामगाराला न पाहण्यासारखे आहे.

आता या आकांक्षेला मातृभूमीशी द्रोह वगैरे मोठमोठी दूषणे देण्याची जी चाल आहे, ती मला मुळीच मान्य नाही. ज्या शहरात पदपथ हा दुकानाच्या पायऱ्यांचा आणि दुचाकींचा हक्काचा मुलूख समजला जातो, जेथे सत्तरीतल्या माणसाने रस्ता ओलांडणे हे शौर्य ठरते, आणि दुखणे जरा अवघड झाले की एकशेवीस किलोमीटरवरच्या पुण्याचा रस्ता धरावा लागतो, त्या शहरातल्या म्हाताऱ्याला सपाट रस्त्याचा आणि स्वच्छ हवेचा मोह पडला तर त्याला देशभक्तीचे डोस पाजणे निर्लज्जपणाचे आहे. पदपथ मोकळे करण्याचे काम आधी व्हावे. उपदेश मागून येऊ दे. माझा आक्षेप निराळा आहे. निवृत्ती म्हणजे एक लांबलेली सुटी, आणि सुटी म्हणजे समुद्र, हे जे समीकरण या बेतांच्या मुळाशी आहे ते मला खोटे वाटते; आणि ते खोटे आहे याचा पुरावा शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, कारण परमुलखात, पाण्याच्या काठी, सरकारी मुशाहिऱ्यावर उत्तरायुष्य काढण्याचे प्रयोग आपल्या इतिहासात होऊन गेले आहेत.

पेन्शनीवर परमुलखात राहिलेला मोठा मराठी असामी म्हणजे दुसरा बाजीराव. १८१८ च्या जून महिन्यात तो माल्कमच्या स्वाधीन झाला, सालीना आठ लाखांची नेमणूक ठरली, आणि कानपुरानजीक गंगेच्या काठी ब्रह्मावर्तास त्याची रवानगी झाली. तेथे घाट होते, स्नानसंध्या होती, दानधर्म होता, आणि १८५१ पर्यंत, म्हणजे राज्य केले त्याहून कितीतरी अधिक वर्षे, काही न करणे हेच त्याचे काम होते. पण याहूनही बोलका दाखला आपल्या कोकणात आहे, आणि तो तर अक्षरशः समुद्राकाठचा आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. तीस वर्षे तो तेथे होता. परका देश, सुंदर किनारा, ठरलेले वेतन, १९१० साली बांधून पुरा झालेला प्रशस्त राजवाडा, आणि त्या राजवाड्यातून दिसणारा असा सूर्यास्त की जो पाहायला आज लोक तिकीट काढतात: निवृत्तिस्थळांच्या जाहिरातीत जे जे छापलेले असते ते सगळे त्याला मिळाले होते. नव्हते ते एकच, आपल्या मर्जीने तेथून उठून जाण्याचे आणि कोणाच्या उपयोगी पडण्याचे स्वातंत्र्य. १९१६ च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला. आणि गंमत पाहा, ज्या किनाऱ्याशी या राजाचे कधी जमले नाही त्याच गावात त्याच्या मुलीने एका स्थानिक मराठी माणसाशी संसार केला, आणि त्याची नात तेथेच मराठी बोलत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून म्हातारी झाली. आजोबांना मिळाला राजवाडा; गाव मिळाले ते नातीला.

आता किनाऱ्यावरून परत आमच्या माळावर येतो. नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगाव आहे, आणि अरणगावच्या शिवारात मेहेराबाद. पुण्यात १८९४ साली इराणी घराण्यात जन्मलेले मेहेरबाबा १९२३ साली आपल्या मंडळींसह प्रथम येथे आले, तेव्हा पहिल्या महायुद्धातील लष्करी तळाच्या मागे राहिलेल्या पडक्या इमारती, थोडी झाडे आणि पुष्कळ वारा यांपलीकडे येथे काही नव्हते. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगावाजवळच्या मेहेराझादला देह ठेवीपर्यंत सोडले नाही. मी त्यांचा भक्त नाही, आणि अवतारित्वाच्या वादात पडण्याचा माझा अधिकारही नाही. मला येथे सांगायचे आहे ते त्यांच्यामागोमाग आलेल्या माणसांविषयी. १९३१ साली ‘राजपुताना’ नावाच्या ज्या आगबोटीने ते प्रथम विलायतेस गेले, त्याच बोटीवर गोलमेज परिषदेस निघालेले गांधीजी होते. त्या प्रवासानंतर थोड्याच वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतल्या, ज्यांनी आपल्या देशातले किनारे, बाग-बगीचे, नाटकशाळा मनमुराद पाहिल्या होत्या अशा, स्त्रिया आपापली घरे मोडून या दुष्काळी माळावर राहायला आल्या. टॉलस्टॉयची सून नादिन टॉलस्टॉय ही त्यांतलीच. १९४६ साली ती वारली, आणि रशियन महाकादंबरीकाराच्या घराण्यातली ही बाई आज अरणगावच्या टेकडीवर चिरनिद्रा घेत आहे, हे नगरच्या किती लोकांना माहीत आहे, याविषयी मला शंका आहे.

वैशाखात त्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे तापलेल्या मुरुमाची धग पायांना कळते. येथे समुद्र नाही, वाळू नाही, पूर्वी तर पुरते पाणीही नव्हते. आणि तरीही आजसुद्धा अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून, युरोपातून माणसे उतारवयात येथे येऊन राहतात, दवाखान्यात मदत करतात, झाडे जगवतात, बाबांच्या समाधीवर फुले वाहतात, बाजारात मेथीच्या जुडीचा भाव करतात, आणि एके दिवशी येथेच जातात. जी टेकडी पूर्वी उघडी होती तिच्यावर आता दाट सावली आहे, यात त्यांच्या हातांचा वाटा आहे. निवृत्तीनंतर परदेशी वास्तव्य हाच जर विषय असेल, तर त्यातला सर्वांत यशस्वी दाखला, मला वाटते, आमच्याच तालुक्यात, आमच्या डोळ्यांसमोर आहे. फक्त त्यातला ‘परदेश’ आपण आहोत म्हणून तो आपल्या ध्यानी येत नाही.

आणि याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग खरोखरच समुद्राकाठी घडला. मेहेरबाबांच्या शिष्या एलिझाबेथ पॅटरसन यांनी अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात, मर्टल बीच येथे, अटलांटिकच्या किनाऱ्यालगत सुमारे पाचशे एकरांचे रान या कार्यासाठी मिळवून दिले. बाबा स्वतः तेथे १९५२ मध्ये प्रथम गेले. किटी डेव्ही नावाची इंग्रज बाई, जिने प्रौढपणाची वर्षे हिंदुस्थानात आश्रमाचे घरकाम, हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळण्यात घालवली होती, तिला त्याच वर्षी हुकूम झाला की तू आता त्या अमेरिकेतल्या किनाऱ्यावर राहा. तिच्या दृष्टीने ती दुसऱ्यांदा परदेशी रवानगी होती, आणि वय साठीच्या घरात होते. ती गेली, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, अखेरपर्यंत, तेथेच आल्यागेल्याचे पाहत राहिली. तिच्या दारात एक अख्खा महासागर होता. तरीही जे लोक तिला भेटून आले त्यांच्या आठवणींत समुद्र नसतो. चहा असतो, टपालाचे गठ्ठे असतात, आणि तिने विचारलेले प्रश्न असतात.

मेहेराबादच्याही आधीचा दाखला हवा असेल तर तो नगर शहरातच आहे. सिंथिया फरार ही अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरची अविवाहित शिक्षिका १८२७ साली मुंबईस उतरली, पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या नगर ठाण्यावर तिची नेमणूक झाली, मुलींच्या शाळा चालवता चालवता ती येथेच वृद्ध झाली, आणि १८६२ साली येथेच वारली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते तिच्याच नगरच्या शाळेत. धर्मांतराच्या हेतूविषयी ज्याला जो वाद घालायचा असेल तो त्याने खुशाल घालावा. परंतु पस्तीस वर्षे ज्या बाईने या देशाची भाषा बोलून म्हातारपण काढले, तिला ‘येथे आपण कशासाठी आहोत’ हा प्रश्न रात्री झोपेतून उठवून कधी छळत असेल, असे मला वाटत नाही.

मॉरिशसचे नाव बाकावर निघते तेव्हा मला एक गोष्ट सांगावीशी वाटते आणि सहसा सांगता येत नाही, कारण ऐकणाऱ्यांना तेथल्या भाड्याचे दर हवे असतात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी गिरमिटाखालचे हिंदी मजूर त्या बेटावर उतरू लागले, आणि पुढल्या काळात मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी तेथे गेली. जो किनारा आज निवृत्तांना विकला जातो, त्या किनाऱ्यावर ही माणसे सूर्यास्त पाहायला उतरली नव्हती. कोयता घेऊन उतरली होती. त्यांची पणतवंडे आज क्रिऑल बोलतात, मराठी शाळेत शिकतात, आणि गणेशचतुर्थीला, जी तेथे सार्वजनिक सुटी आहे, गणपती त्याच समुद्रात विसर्जित करतात. ऊस म्हटला की कोयत्याची ओळख आमच्या जिल्ह्याला निराळी करून द्यायला नको. दर दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून उसाच्या फडांकडे निघालेली बिऱ्हाडे आम्ही पाहतोच. त्या बिऱ्हाडांत म्हातारीही असते, आणि तिची निवृत्ती हा कोणत्याच खात्याच्या अखत्यारीतला विषय नाही.

अमेरिकेत १९६५ च्या नव्या कायद्यानंतर जी मराठी पिढी गेली तीही आता निवृत्त झाली आहे, आणि तिच्या अनुभवाकडे बाकावरच्या मंडळींनी अवश्य पाहावे. बृहन्महाराष्ट्र मंडळाने ‘उत्तररंग’ नावाचा उपक्रम चालवला तो याच पिढीसाठी. फ्लोरिडातील टॅव्हेरिस गावी भारतीय निवृत्तांसाठी शांतिनिकेतन नावाची वसाहत उभी राहिली, आणि तिची कीर्ती झाली ती फ्लोरिडाच्या प्रसिद्ध किनाऱ्यांमुळे नव्हे. टॅव्हेरिस किनाऱ्यावर नाहीच. तेथे सामायिक भोजनगृहात रोज वरणभातासारखे आपले जेवण मिळते, आणि शेजारी आपल्यासारखाच खोकतो, यासाठी माणसे तेथे जातात. पन्नास वर्षे त्या देशात काढून, तेथले नागरिकत्व घेऊन, मुलेबाळे तेथेच असूनही ज्यांना अखेरीस पंगत हवीशी वाटली, त्यांचे हे मत साठाव्या वर्षी प्रथमच निघणाऱ्याने विचारात घ्यायला नको काय?

व्यावहारिक बाजूविषयी थोडेच लिहितो. परदेशातील वैद्यकीय विमा जुन्या दुखण्यांवर बहुधा हात आखडता घेतो, आणि साठीच्या माणसाजवळ जुन्या दुखण्यांवाचून दुसरे असते काय? शिवाय पेन्शनरास दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर संगणकातून जातो, परदेशी असल्यास वकिलातीतल्या अधिकाऱ्याकडूनही घेता येतो. सोय झाली आहे, तक्रार नाही. पण नोकरीत असताना पेन्शनरांचे ते कागद माझ्या टेबलावरून गेले आहेत, आणि दाखल्यासाठी कचेरीत येणारी म्हातारी माणसे त्या निमित्ताने तासभर व्हरांड्यात बसून एकमेकांची हयात स्वतःच्या डोळ्यांनी तपासून घेत, तो भाग संगणकात गेलेला नाही, एवढे मात्र नमूद करतो.

माझे एक स्नेही, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, सपत्नीक मुलाकडे ऑस्ट्रेलियात पर्थला राहायला गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. पहिल्या वर्षी त्यांचे फोन समुद्राने भरलेले असत: पाण्याचा रंग, वाळूचा पोत, बाकाची जागा, सूर्य किती वाजता बुडाला. दुसऱ्या वर्षी ते बाकावरच्या एकटेपणाविषयी बोलू लागले आणि परत येण्याची भाषा निघाली. मग कोणीतरी त्यांना रविवारी तेथल्या मराठी मुलांना बाराखडी शिकवायला बोलावले, आणि तेव्हापासून फोनवर मुले येतात, त्यांच्या ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्या तक्रारी येतात, फळ्यावर लिहायचा खडू मिळत नाही हे येते. समुद्राचा उल्लेख मी कित्येक महिन्यांत ऐकलेला नाही. परत येण्याचाही नाही. ते सुखी आहेत असे मी म्हणणार नाही, कारण हेडमास्तर सुखी असल्याचे मी इकडेही कधी पाहिले नव्हते.

ऑगस्टात मात्र त्यांचा फोन ठरलेला. तेथे सात वाजून अंधार पडलेला असतो, आमच्याकडे साडेचारचे ऊन असते.

“काय भाऊसाहेब, मुळा किती झाली?”

“बावीस टीएमसीच्या पुढे गेली. सव्वीस व्हायला अजून एक चांगला पाऊस पाहिजे.”

“आणि भंडारदरा?”

“भरला. सांडव्यावरून चालू आहे.”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू येत नाही. लाटांचा असेल, नाहीतर फोनचा, असा एक आवाज येत राहतो. मग ते विचारतात, “जायकवाडीला सोडणार म्हणतात का हो यंदा?”